पहिले अक्षर

वाचकहो, गाण्याच्या भेंड्या कधीच लावल्या नाहीत असे घर आपल्यात क्वचितच सापडेल. लांबचा रेल्वेप्रवास असो, लग्नघरातील जागरण असो, किंवा पावसाने सर्वांना घरात कोंडून घातलेली संध्याकाळ असो. कोणीतरी दोन पक्ष पाडतो, एक गाणे संपते आणि त्याच्या शेवटच्या अक्षराला धरून दुसरे गाणे उभे राहते. ‘म’ आला की दोन्ही पक्ष खूष. ‘ठ’ आला की मात्र सर्वांचे डोळे घरातील एका विशिष्ट व्यक्तीकडे वळतात. प्रत्येक घरात अशी एखादी आत्या किंवा मावशी असतेच. ‘ठ’, ‘ढ’, ‘थ’ या अडलेल्या अक्षरांची गाणी तिने लोणच्याच्या बरणीप्रमाणे जपून ठेवलेली असतात. ‘ण’ आणि ‘ळ’ आले की तिचाही नाइलाज होतो. या दोन अक्षरांनी आपल्या भाषेत शब्दच सुरू होत नाहीत. तेव्हा ‘ण’ चा ‘न’ आणि ‘ळ’ चा ‘ल’ करावा, असा समझोता थोड्याफार भांडणानंतर होतो आणि खेळ पुढे सरकतो.

आमच्या घरी ती आत्या मीच. हे मी आत्मस्तुतीसाठी सांगत नाही. अक्षराला धरून गाणे शोधण्याची ही जन्मभराची सवय मला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी परक्या देशात आणि परक्या भाषेत उपयोगी पडावयाची होती; म्हणून हा एवढा प्रस्ताव.

माझा मुलगा नोकरीनिमित्त टोकियोस राहतो. शहराच्या पूर्वेस एदोगावा नावाचा विभाग आहे. तेथील निशिकसाई स्थानकाच्या आसपास भारतीय कुटुंबांची बरीच वस्ती आहे. गतवर्षी शरद ऋतूत तीन महिन्यांसाठी मी त्याच्याकडे गेले होते. नात जपानी शाळेत पहिल्या इयत्तेत शिकते. तिला मराठी समजते. पण उत्तर ती देते जपानीत. मी विचारावे, ‘आज शाळेत काय शिकवलं?’ आणि तिने उत्साहाने जे काही सांगावे ते माझ्या डोक्यावरून पावसाच्या सरीसारखे निघून जावे. सूनबाई मध्ये पडून अर्थ सांगे. परंतु आजी आणि नात यांच्यामध्ये दुभाषी बसवावा लागणे यासारखी खंत दुसरी नाही. आणखी पाच वर्षांनी आम्हां दोघींमध्ये बोलण्यासारखे काय उरेल, हा विचार रात्री अंथरुणावर पडल्यावर माझा पिच्छा पुरवी. आपल्यापैकी ज्यांची मुले-नातवंडे हैदराबादेत, कोलकात्यात किंवा दिल्लीत वाढत आहेत, त्यांना ही खंत अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

मी इंदूरच्या शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ मराठी शिकवले. तेव्हा उपायही मास्तरणीलाच सुचावा तसा सुचला. जाताना मी अंकलिपी नेली होती. स्वर कसेबसे पार पडले. चौथ्या दिवशी आम्ही ‘क ख ग घ’ पर्यंत आलो आणि नातीने पेन्सिल खाली ठेवली.

“आजी, हे सगळं ‘क’च आहे ना? मग एवढी अक्षरं कशाला?”

तिचे म्हणणे तिच्या परीने बरोबर होते. जपानी लिपीत ‘क’ साठी एक अक्षर असते. त्याच्याच डोक्याशी दोन बारीक रेघा मारल्या की त्याचा ‘ग’ होतो. ‘ख’ आणि ‘घ’ यांची त्या भाषेला जरूरच नाही. मी हे तेव्हा समजून घ्यावयास हवे होते. त्याऐवजी मी रागावले. “प्रश्न पुरे, आधी गिरव,” असे म्हटले. तिने अंकलिपी मिटली, ती नीट कपाटात ठेवली आणि पुन्हा काढली नाही. तीस वर्षांत कोणत्या मुलाने माझा इतका शांतपणे पराभव केला नव्हता.

शेजारच्या घरात एक वृद्ध जपानी बाई एकट्या राहत. वय पंच्याऐंशीच्या घरात, पाठ किंचित वाकलेली, पण चाल तुरुतुरु. लिफ्टपाशी भेट झाली की आम्ही दोघी एकमेकींना वाकून नमस्कार करीत असू. त्यापलीकडे भाषेचे दार बंद. एका शनिवारी दुपारी मुलगा आणि सूनबाई कामावर गेली असता त्या आमच्याकडे आल्या आणि नातीशी काही बोलल्या. नात म्हणाली, “आजी, गाणी म्हणायला येतेस का?” वाक्य मराठीत आले, याचेच मला इतके अप्रूप वाटले की मी कसली गाणी हेही न विचारता चपला पायांत घातल्या.

त्यांनी आम्हांला स्थानकाजवळच्या कराओकेच्या जागी नेले. ‘कारा’ म्हणजे रिकामा, आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्रा या शब्दाचे जपानी माणसाने केलेले लघुरूप. वाद्यवृंद आहे, पण गायकाची जागा रिकामी आहे. ती आपण भरावयाची. १९७१ साली कोबे शहरातील इनोउए दाइसुके या वादकाने नाणे टाकून साथ मिळणारे असे यंत्र तयार केले. त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही. त्यामुळे कल्पना सर्वांची झाली. लहान लहान स्वतंत्र खोल्यांची पद्धत नंतरची. १९८५ साली ओकायामा येथे मालवाहू डब्याचे रूपांतर करून तिचा प्रारंभ झाला, असे सांगतात. आमची खोलीही रेल्वेच्या डब्याची आठवण करून देणारीच होती: दोन बाके, मध्ये मेज, समोर पडदा.

मेजावर पाटीएवढे एक यंत्र होते. पूर्वी तेथे जाडजूड सूचिपुस्तके असत; आता त्यांचे काम ही पाटी करते. गायकाच्या नावाने गाणे शोधता येते, पण जपानी गायक मला कोण ठाऊक असणार? गाण्याच्या नावाने शोधता येते, पण ती नावे बहुतेक चिनी चित्राक्षरांत लिहिलेली. ती माझ्या डोळ्यांना सारखीच दिसत. एकच मार्ग मोकळा होता. नाव कसेही लिहिलेले असो, सूचीत ते लागते त्याच्या उच्चाराप्रमाणे, पहिल्या ध्वनीच्या खाली. तो ध्वनी लिहिण्यास पुरतील एवढी शेचाळीस साधी अक्षरे नातीच्या वहीवरून, भाजी निवडता निवडता, मी शिकले होते. तेव्हा माझ्या हाती किल्ली होती ती एवढीच: पहिले अक्षर.

पहिलाच प्रयत्न फसला. नात घरात एक चाल गुणगुणत असे. ती मला फार गोड वाटे. तिच्या आरंभी सायंप्रकाशाचा ‘युयाके’ हा शब्द येतो हे मी कानाने टिपले होते. भेंड्यांच्या सवयीने मी ‘यु’ शोधले. त्या शब्दाचे गाणे मिळाले, वाद्येही सुरू झाली. पण चाल निराळीच! नात हसून लोटपोट झाली. मला हवे होते ते गाणे ‘अकातोम्बो’, म्हणजे ‘अ’ खालचे. मिळाले ते ‘युयाके कोयाके’ नावाचे दुसरेच बालगीत. आपल्याकडे गाण्याचा पहिला शब्द हेच बहुधा त्याचे नाव असते. जपानी गाण्याला मात्र वेगळे शीर्षक असते, आणि सूची शीर्षक पाहते, मुखडा पाहत नाही.

“पण तोम्बो म्हणजे काय गं?” मी विचारले. तिने दोन्ही हात पसरून पंखांसारखे हलवले, खोलीभर एक फेरी मारली आणि एकदम जागच्या जागी थांबून दाखवले. “अगं, चतुर!” मी म्हणाले. “चतुर म्हणजे हुशार ना?” “हो. आणि हा किडाही.” एका शब्दाचे असे दोन अर्थ निघालेले पाहून ती इतकी खूष झाली की शेजारच्या बाईंना ते जपानीत समजावून सांगितल्याखेरीज तिला राहवेना. लाल चतुराचे ते गाणे मिकी रोफू या कवीचे. १९२१ साली लिहिलेल्या त्या कवितेला यामादा कोसाकू यांनी १९२७ मध्ये चाल दिली. बालपणी पाठुंगळी बसून पाहिलेल्या चतुराची त्यात आठवण आहे. ते सूचीतून काढल्यावर बाई आणि नात यांनी मिळून म्हटले.

यानंतर बाईंनी आपला नेम सांगितला. नातीने तो मला मराठीत पोहोचविला. बाई दर आठवड्यास येथे येत. आवडीने निवडू लागले की माणूस पुन्हा पुन्हा तीच तीन गाणी म्हणतो, असे त्यांच्या ध्यानात आले. यजमान गेल्यानंतरच्या वर्षात त्यांनी ती तीनच गाणी म्हटली, आणि प्रत्येक वेळी घरी जाताना मन अधिक जड होई. मग त्यांनी निवड स्वतःकडे ठेवलीच नाही. या शनिवारी ‘अ’, पुढल्या शनिवारी ‘इ’. त्या अक्षराखाली सूचीत जे ओळखीचे दिसेल ते म्हणावयाचे. कित्येक गाणी आपल्याला येतात हेही त्या विसरून गेल्या होत्या.

त्या दिवशी पाहुण्यांच्या मानासाठी त्यांनी पाचही स्वर एकाच बैठकीत घेतले. ‘अ’ झाला होता. ‘इ’ वर त्यांनी ‘इत्सुकी नो कोमोरिउता’ म्हटले. कुमामोतो प्रांतातील इत्सुकी गावचे हे अंगाईगीत. पण ते आईचे नव्हे. दुसऱ्यांची मुले सांभाळण्यासाठी घर सोडून गेलेल्या गरीब मुलींचे ते गाणे आहे. ‘उ’ वर ‘उए ओ मुइते आरुकोओ’, सर्वांनी मिळून. साकामोतो क्यू यांनी १९६१ साली गायिलेले हे गीत १९६३ मध्ये अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिले आले. मात्र तेथे त्याचे नाव ‘सुकियाकी’ ठेवण्यात आले होते. सुकियाकी हा मांसाचा एक पदार्थ, आणि गाणे तर डोळ्यांतले पाणी लपवीत चालणाऱ्या माणसाचे! परदेशी जिभेला सोपे जावे म्हणून नाव बदलले खरे. पण मायदेशातील सूचीत त्याची जागा ‘उ’ खालीच राहिली. ‘ए’ वर ‘एरिमो मिसाकी’, उत्तरेकडील एका भूशिराचे, १९७४ सालचे गाणे. ‘ओ’ वर ‘ओबोरोझुकियो’, धूसर चांदण्या रात्रीचे, १९१४ पासून शाळांतून शिकविले गेलेले गीत. हे शेवटचे मला म्हणावयास लावले. पडद्यावर चित्राक्षरांच्या माथ्यावर बारीक साध्या अक्षरांत उच्चार दिलेला असतो आणि गाणे पुढे सरकेल तसा अक्षरांचा रंग बदलत जातो. त्यामुळे अर्थ न कळताही मी शेवटास पोहोचले. यंत्राने मला ६८ गुण दिले. माझ्या वयाहून एकच कमी.

पुढे दर शनिवारी आमचा क्रम ठरला. गंमत आली ती ‘र’ च्या ओळीशी. मला वाटले होते, येथे गाण्यांचा पाऊस पडेल; आपल्याकडे राम, रात्र, रंग, रिमझिम, काय थोडे शब्द आहेत? बाईंनी मान हलविली. अस्सल जपानी शब्द ‘र’ ने सुरू होतच नाहीत. या ओळीतले शब्द बहुतेक चीनमधून किंवा पाश्चात्त्य देशांतून आलेले. म्हणून शब्दांच्या जपानी भेंड्यांत प्रतिपक्षास अडविण्यासाठी ‘रु’ ने संपणारे शब्द मुद्दाम टाकतात. आपला ‘ठ’ तो त्यांचा ‘रु’! तरीही आम्ही ओळ पुरी केली. ‘रा’ चे ‘रा रा रा’, १९९५ मधील. ‘रु’ चे ‘रुबी नो युबिवा’, माणकाच्या अंगठीचे, १९८१ मधील. ‘रे’ साठी नातीचे आवडते ‘रेमोन’, म्हणजे लिंबू, २०१८ मधील. त्याचे नाव रोमन लिपीत छापतात, पण सूचीत ते निमूटपणे ‘रे’ खाली येऊन बसते. ‘रो’ चे ‘रोबिन्सोन’, तेही १९९५ चेच.

‘रि’ मी मागे ठेवला आहे. ‘रि’ वर बाईंनी ‘रिंगो नो उता’ लावले. रिंगो म्हणजे सफरचंद. युद्ध संपल्यानंतर दोनच महिन्यांनी, १९४५ च्या ऑक्टोबरात पडद्यावर आलेल्या चित्रपटातील हे गाणे नामिकी मिचिको यांनी गायिले, आणि होरपळलेल्या त्या देशात ते घरोघर पोहोचले. चाल अगदी हलकी, उड्या मारीत जाणारी. बाई अर्ध्यावर थांबल्या. वाद्ये पुढे वाजत राहिली, अक्षरांचा रंग आपला आपण बदलत गेला. मग त्या नातीशी हळू आवाजात बोलल्या आणि ते सात वर्षांचे पोर, शब्द शोधीत, मला मराठीत सांगू लागले: “आजी, त्या पाच वर्षांच्या होत्या. घर जळलं होतं. त्यांची आई… ते गोड असतं, बटाट्यासारखं…” “रताळं.” “हां, रताळं. आई रताळं उकडताना हे गाणं म्हणायची. रोज रताळंच होतं. त्यांनी सफरचंद पाहिलंच नव्हतं. आई म्हणायची, गाण्यात आहे ना, ते खा.”

आपण होऊन त्यांनी हे गाणे कधीच निवडले नसते, असेही बाई म्हणाल्या. ते ‘रि’ ने निवडले.

त्या रात्री नात माझ्याजवळ झोपली. “तुझ्या आईला कुठलं गाणं यायचं?” तिने विचारले. उत्तर मी मराठीत दिले, आणि पुढला प्रश्न तिने मराठीतच विचारला. मी अंकलिपीचा शब्दही काढला नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच ती कपाटातून काढली, आपल्या वहीशेजारी उघडून ठेवली आणि मला हाक मारली. “आजी, बघ. तुझी ओळ आणि माझी ओळ सारखीच आहे.”

वाचकहो, मी चाट पडले. जपानी स्वरांचा क्रम आहे अ, इ, उ, ए, ओ. व्यंजनांचा क्रम क, स, त, न, ह, म, य, र, व. आपल्या वर्णमालेतून एकेक वर्ग घेऊन पाहा: कंठातला ‘क’, मग तालूचा वर्ग, मग दाताचा, त्याचा ‘न’, ओठांचा वर्ग, त्याचा ‘म’, आणि शेवटी य, र, व. ‘च’ च्या घरी ‘स’ आणि ‘प’ च्या घरी ‘ह’ कसे आले? भाषाशास्त्रज्ञ सांगतात की प्राचीन जपानीत आजच्या ‘स’ चा उच्चार ‘च’ च्या जवळचा होता, आणि आजचा ‘ह’ तर मुळात ‘प’ होता. अजूनही त्या अक्षराच्या खांद्यावर लहानसे वर्तुळ काढले की त्याचा ‘प’ होतो. उच्चार बदलले, पण घरे जुन्या क्रमानेच राहिली.

ही मांडणी योगायोगाने झालेली नाही. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानात पोहोचला; नारा येथील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन ७५२ साली त्याच्याच हस्ते झाले. कूकाई हा जपानी भिक्षू चीनमध्ये प्रज्ञ नावाच्या भारतीय पंडितापाशी संस्कृत शिकून ८०६ साली परतला. मंत्र शुद्ध म्हणता यावेत म्हणून भिक्षूंनी सिद्धम् लिपीचा अभ्यास चालविला, आणि त्या अभ्यासातूनच सुमारे हजार वर्षांपूर्वी जपानी ध्वनींची ही रचना आकारास आली. याखेरीज ‘इरोहा’ नावाचा दुसराही एक जुना क्रम आहे. ती प्रत्येक अक्षर एकदाच वापरून रचलेली अनित्यतेची कविता. फार दिवस सूची आणि कोश तिच्याच क्रमाने लागत. १८८९ ते १८९१ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘गेन्काई’ या कोशाने मात्र अ-इ-उ-ए-ओ हा क्रम पत्करला. एकेकाळी गाण्याने अक्षरांना ओळीत बसविले होते. आता अक्षरे गाण्यांना ओळीत बसवितात.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा सापडले. “तुमच्याकडे ‘क’ आणि ‘ग’ एकाच घरात राहतात, म्हणून घरं थोडी. आमच्याकडे ‘ख’ आणि ‘घ’ हे दोघेही राहायला आहेत. सगळ्यांना एकेक खोली नको का?” तिने विचार केला आणि कबूल झाले म्हणून सांगितले. हे उत्तर पहिल्या दिवशीच देता आले असते. पण त्या दिवशी मी शिकवीत होते, ऐकत नव्हते.

मी इंदुरास परत आल्यास आता काही महिने झाले. नात सफाईने मराठी बोलू लागली, असे सांगितले तर ते असत्य होईल. निम्मे वाक्य ती अजूनही जपानीत टाकते. परंतु दर रविवारी दूरध्वनीवर आमच्या भेंड्या चालतात. ती मला अक्षर देते, मी मराठी गाणे म्हणते. मी तिला अक्षर देते, ती जपानी गाणे म्हणते, आणि मग प्रत्येकीने आपल्या गाण्याचा अर्थ दुसरीला मराठीत सांगावयाचा असा नियम आहे. शेजारच्या बाईही कधीमधी तिच्या शेजारी येऊन बसतात.

मागल्या रविवारी तिने मला मुद्दाम ‘ळ’ दिला. अंकलिपी अखेरपर्यंत वाचल्याची ती पावती होती. मी म्हणाले, “या अक्षराने काही सुरूच होत नाही गं.” आणि उलट तिला जपानी ओळीतले शेवटचे अक्षर दिले, एकटा ‘न्’. त्याने जपानीत काही सुरू होत नाही. शब्दांच्या भेंड्यांत ज्याच्या तोंडून त्याने संपणारा शब्द निघेल तो हरतो.

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “आजी, दोघी हरलो. परत ‘अ’ पासून.”